प्रासंगिक पाहुणा

पाहुणा ही व्यक्ती नसून मुदत आहे. माणूस तोच असतो, त्याची पिशवी तीच असते, दारातल्या चपलाही त्याच. पण पहिल्या दिवशी त्याच्यासाठी ठेवणीतली चादर निघते, चौथ्या दिवशी रोजची, आणि पंधराव्या दिवशी चादर निघाली की नाही हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. या काळाला पाहुणचार म्हणतात. त्यानंतर जे काही सुरू होतं त्याला अजून नाव मिळालेलं नाही. (नावं ठेवली जातात, ती वेगळी.)

चेनवालीच्या घरी मामा आले ते दोन दिवसांसाठी. त्याला चार वर्षं झाली. ते दोन दिवस अजून पूर्ण व्हायचे होते.

चेनवाली हे तिचं नाव नव्हे, धंदा. पॅन्टच्या, दप्तरांच्या, प्रवासी बॅगांच्या दगा दिलेल्या चेन ती बदलून देते. घट्ट कपडे सैल करते आणि, क्वचित, सैल कपडे घट्ट. (सोन्याची चेन तिच्याकडे नाही. पण या नावामुळे इमारतीत नव्याने आलेले लोक पहिले आठ दिवस तिच्याशी फार अदबीनं वागतात.) तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून तो दिवसभर खपतो आणि घरी येईपर्यंत त्याच्या वाट्याची दृष्टी संपलेली असते, असं चेनवालीचं मत. मुलगी साडेतीन वर्षांची. अंगापिंडानं एवढीशी, म्हणून टिचकी.

आणि मामा. नवऱ्याचे सख्खे मामा. मामांनी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले असत. नदीचं पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वहीत लिहायचं, हे काम. पाणी चढवणं किंवा उतरवणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. एकतीस वर्षांत नदीला चार पूर आले आणि चारही वेळा मामांनी ते अगदी बिनचूक बघितले. निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, "यांच्यासारखं बघणारा पुन्हा होणे नाही." मामांनी ते मनावर घेतलं आणि निवृत्तीनंतरही काम चालू ठेवलं.

"मी बघतो" या वाक्याचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक, मी ते काम करतो. दोन, मी बघतो. चेनवाली आणि नवरा पहिल्या अर्थानं ऐकत असत, मामा दुसऱ्या अर्थानं बोलत असत, आणि त्यामुळे घरात कधीही उघड भांडण झालं नाही.

"मामा, नळ गळतोय हो."

"बघतो."

आणि ते खरंच बघत. खुर्ची घेऊन नळासमोर बसत आणि अर्ध्या तासानं अहवाल देत. "सूनबाई, मिनिटाला बावीस थेंब. काल वीस होते." त्यांच्या निरीक्षणाखाली चौथ्या वर्षाअखेर पुढील बाबी होत्या: गळता नळ, खिडकीची निसटलेली कडी (वाऱ्याची दिशा कळते म्हणून उपयुक्त), टिचकीच्या तिचाकी सायकलचं निखळलेलं चाक, ज्यामुळे ती तूर्त दुचाकी होती, जिन्यातला गेलेला दिवा, आणि दूध. दुधाकडे बघण्याचं काम मामांकडे एकूण सहा वेळा सोपवलं गेलं. सहाही वेळा दूध कुठल्या क्षणी, किती उंचीवरून आणि कुठल्या बाजूनं ओट्यावर आलं, ते मामांना तोंडपाठ होतं.

मामांना पेन्शन होती. तिचं काय करायचं, तेही ते बघत होते.

आता वाचक विचारतील, की अशा माणसाला चार वर्षांत कुणी काही बोललं कसं नाही. बोलण्याचा बेत दर रविवारी ठरत असे. पण नवरा लहान असताना याच मामांनी त्याला खांद्यावर बसवून पुलावर नेलं होतं, आणि "सांग, किती झालं पाणी?" असं विचारून त्यानं सांगितलेला आकडा, चुकीचा असला तरी, वहीत खरोखर लिहिला होता. बाप नसलेल्या पोराच्या शब्दाला सरकारी वहीत जागा मिळाली, ती तेवढी एकदाच. त्या खांद्यांना "आता निघा" कसं म्हणायचं, या प्रश्नापाशी नवरा दर रविवारी अडायचा. चेनवाली अडायची ती वेगळ्या जागी. मामा टिचकीला गोष्ट सांगायचे. ती गोष्ट म्हणजे "एक नदी होती, तिचं पाणी एक फूट होतं, मग दोन फूट झालं, मग तीन" अशी असायची. तरी नऊ फुटांच्या आत टिचकी झोपायची. ज्या आईला दुपारी तेवढीच एक घटका मिशीन चालवायला मिळते, ती अशा माणसाबद्दल फार कडक धोरण आखू शकत नाही.

तर अशा सुरळीत चाललेल्या घरावर एके दिवशी सकाळी नोटीस आली.

घरमालक तळमजल्यावर राहत. त्यांनी नोटीस टपालानं पाठवली, तीन मजले चढून नाही. कायद्याच्या कामात जिव्हाळा नको म्हणून. नोटिशीत असं होतं, की करारानुसार सदर दोन खोल्यांमध्ये "दोन प्रौढ, एक मूल व प्रासंगिक पाहुणा" यांनी राहावयाचे असून प्रत्यक्षात तिसरी प्रौढ व्यक्ती चार वर्षे वास्तव्य करून आहे; सबब कराराचा भंग झाला असून भाडेकरूंनी पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी; हरकत असल्यास मुदतीच्या आत भाडे कार्यालयाकडून जागेची पाहणी होईल. तिसऱ्या व्यक्तीस आता घालवून दिल्यानेही उपयोग होणार नाही, कारण चूक सुधारल्याने ती झाली नव्हती असे होत नाही.

(मालकांना जागा कशासाठी हवी होती, हे नोटिशीत नव्हतं. ते सगळ्या इमारतीला माहीत होतं. मालकांचा मेहुणा गेली सहा वर्षं मालकांच्या बैठकीच्या खोलीत दोन दिवसांसाठी आला होता, आणि त्याला ठेवायला मालकांना दोन खोल्या हव्या होत्या.)

चेनवालीनं नोटीस दोनदा वाचली आणि खिडकीकडे बघितलं. सगळा संसार त्या खिडकीवर चालला होता. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत तिच्यातून जो उजेड येतो, त्यात काळ्या कापडावरची काळी शिवण उसवता येते. काळ्यावर काळं दिसणारा उजेड भाड्याच्या जाहिरातीत लिहिलेला नसतो; तो शोधायला तिला लग्नानंतर तीन घरं लागली होती. त्यातून मिशीनच्या खडखडीला हरकत न घेणारे शेजारी, आणि जिना उतरलं की बालवाडी. हे सगळं पंधरा दिवसांत पिशवीत भरून दुसरीकडे नेता येत नाही, चेन कितीही मजबूत असली तरी.

संध्याकाळी नवऱ्यानं नोटीस मामांना वाचून दाखवली. मामांनी पूर्ण ऐकली. मग बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि घराण्याच्या इतिहासात प्रथमच वेगळं वाक्य उच्चारलं.

"सूनबाई, उद्यापासून मी घराला हातभार लावणार."

त्या रात्री घरात सगळ्यांचे डोळे पाणावले. ते वाक्य किती घातक आहे, हे सकाळी कळलं.

नोटिशीला भाडे-निवास नियमावली जोडलेली होती. अशी जोडपत्रं वाचायची नसतात, ती फक्त जोडलेली असतात. पण चेनवालीला पॅन्टची कंबर उसवताना समोर काहीतरी वाचायला लागतं, आणि त्या दिवशी तेच समोर होतं. कलम चौदा, पोटकलम ग. "प्रासंगिक पाहुणा म्हणजे अशी व्यक्ती, जी घरातील काम हाताने करत नाही, व करू म्हटल्यास जिला विचारावे लागते. स्पष्टीकरण एक: मुक्कामाचा काळ विचारात घेऊ नये. स्पष्टीकरण दोन: व्यक्ती पैसे देते या कारणाने तिला रहिवासी मानू नये, पैसे लॉजमधील पाहुणाही देतो."

तिनं स्पष्टीकरण एक तीनदा वाचलं. (स्पष्टीकरण दोन तिनं सोडून दिलं. मामांनी पैसे देण्याचा प्रसंग आला नव्हता आणि येण्याची शक्यता नव्हती.) कात्री खाली ठेवली. म्हणजे चार वर्षांत मामांनी एकदाही इकडची काडी तिकडे केली नाही, हे घरावरचं ओझं नव्हतंच मुळी. तो पुरावा होता. चार वर्षं हा माणूस एका जागी बसून त्यांचं घर वाचवत होता आणि ती मूर्खासारखी रविवारी रविवारी धुसफुसत होती!

ती ही बातमी सांगायला उठली, आणि बघते तो मामा घरात नव्हते. कचऱ्याची पिशवीही नव्हती.

जिन्यात धाव घेतली तर मामा दुसऱ्या मजल्यावर पोहोचलेले, हातात पिशवी, चेहऱ्यावर कर्तव्याचं तेज. आणि एक मजला खाली कठड्याशी मालक, हातात मोबाइल, पुरावा टिपायला सज्ज.

"मामा! ठेवा ती!"

"अगं, टाकून येतो. जाता जाता."

"ठेवा म्हणते ना! पाहुण्यांनी उठायचं नसतं!"

तिनं पिशवी ओढली. मामांनीही, एकदा हातभार लावायला निघालेला माणूस सहसा मागे फिरत नाही म्हणून, ओढली. मालकांना फोटो मिळाला, पण त्यात पिशवी नेमकी कोणाच्या हातात आहे ते सांगता येत नव्हतं. शिवाय पिशवी फाटल्यामुळे पुराव्याचा बराचसा भाग मालकांच्याच अंगावर गेला होता.

"चार वर्षं टोमणे मारलेत," मामा वर आल्यावर म्हणाले. "आणि आता हात लावला, तर ओरडता."

"मी कधी टोमणे मारले?"

"परवा म्हणालीस, मामा, तुमच्या पायाखाली केर आहे का, की पायच आहेत."

"ते वेगळं. मामा, तुम्ही आहात तसेच फार छान आहात," चेनवाली म्हणाली, आणि चार वर्षांत प्रथमच हे वाक्य तिनं मनापासून म्हटलं. "कलमात काम न करणारा तो पाहुणा, असं आहे. फक्त पाहणी होईपर्यंत बसून राहा. आम्हाला तुमची गरज आहे."

गरज हा शब्द मामांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा ऐकला होता. त्यांच्यात असा उत्साह संचारला, की त्यांना बसवून ठेवणं अशक्य झालं. पुढचे अकरा दिवस त्या घरानं जे भोगलं, ते कामचुकार नातेवाइकाला कामाला लावणाऱ्या कुठल्याही घरानं भोगलं नसेल. मामा पहाटे उठून पाणी भरू बघत. नवरा दार अडवून उभा राही. मामा ताट उचलू बघत. टिचकीला शिकवून ठेवलं होतं, मामांचा हात ताटाला लागला की ती किंचाळायची, "पाउणे!" मामांना झाडू सापडू नये म्हणून तो शिवणाच्या कापडात गुंडाळून ठेवला गेला, आणि नंतर तो चेनवालीलाच सापडेना. एका दुपारी मामांनी चोरून नळाला चिंधी बांधली. ती सोडून, थेंब पुन्हा मिनिटाला बावीसवर आणेपर्यंत नवऱ्याला दुकानातून अर्धी सुट्टी घ्यावी लागली.

बाराव्या दिवशी सकाळी अकराला पाहणी होती.

(पाहणी आणि पाहुणा हे दोन्ही शब्द पाहण्यातूनच निघाले, असं मामांचं म्हणणं होतं, पाहतो तो पाहुणा, पाहते ती पाहणी. ते खरं की खोटं हे तपासायला घरात कोणाला वेळ नव्हता.)

पाहणी अधिकारी म्हणून ज्या बाई आल्या, त्या मध्यम वयाच्या, पाय दुखणाऱ्या आणि हसायचं विसरून आलेल्या होत्या. खांद्याला भली मोठी रेक्झिनची बॅग. त्यातून त्यांनी छापील फॉर्म काढला, खुर्चीवर बसल्या आणि नियमाप्रमाणे पाणी, चहा व ओळखपाळख नाकारली. मालक उंबऱ्यावर उभे राहिले. घरातली मंडळी भिंतीला टेकून रांगेत, फोटोला उभी राहतात तशी. मामा मधोमध खुर्चीत.

"आपण या घरात काय करता?" बाईंनी मामांना विचारलं.

"बघतो."

"काय बघता?"

"सगळंच."

बाईंनी पेन थांबवलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मीसुद्धा तेच करते," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं."

"माझी एकतीस झाली," मामा नम्रपणे म्हणाले.

एकाच खात्यातली दोन माणसं परगावी भेटावीत, तशी ओळख पटली. चेनवालीच्या जिवात जीव आला. आता बाई सही करतील आणि उठतील, एवढंच राहिलं होतं. आणि तेवढ्यात टिचकी मामांच्या गुडघ्याला धरून म्हणाली,

"मामाआजोबा, पाणी."

चेनवाली आत वळणार, तर बाईंनी पेन वर केलं. "थांबा. कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. उंबऱ्यावर मालकांचा मोबाइल हळूच वर आला. नवरा मामांकडे डोळ्यांनी विनवण्या करत होता. एक शब्द बोलायचा होता, चार वर्षं दिवसातून अकरा वेळा बोललेला. (हा सरासरीचा आकडा आहे, घरातल्या मोडक्या वस्तूंची संख्या वाढली की तो चौदापर्यंत जाई.) "बघतो." एवढं म्हटलं, की खिडकी राहत होती, उजेड राहत होता, बालवाडी राहत होती.

मामांनी टिचकीकडे बघितलं. तिचे ओठ खरंच सुकले होते. अकरा दिवस "पाउणे, पाउणे" ओरडून पोरीचा घसा बसला होता. ज्या माणसानं एकतीस वर्षं पाणी बघितलं, त्यानं ते कुणाला दिलं कधीच नव्हतं. तिथे पाणी देणारं खातं वेगळं होतं. इथे दुसरं कुणी नव्हतं.

मामा उठले.

चेनवालीनं डोळे मिटून घेतले. मालकांच्या मोबाइलनं खटखट दोन फोटो काढले. मामा आतल्या खोलीत ओट्याशी गेले, एक फडताळ उघडलं. त्यात डबे. दुसरं उघडलं. त्यात रंगांप्रमाणे लावलेल्या चेनच्या गुंडाळ्या. तिसऱ्यात जुनी वर्तमानपत्रं. चौथ्यातून त्यांच्या पायावर झाकणांचा ढीग कोसळला. पुन्हा पहिलं उघडलं, मधल्या काळात काही बदल झाला असेल या आशेनं. त्यात डबेच. मग आतून आवाज आला, अगदी हताश:

"सूनबाई, पेले कुठे असतात गं?"

इतका गोड प्रश्न चेनवालीनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. बाईंचं पेन कागदावर चाललं. लिहिताना त्या मोठ्यानं वाचत होत्या. "सदर व्यक्ती... चार वर्षांच्या वास्तव्यानंतर... पेले कोठे असतात... हे जाणत नाही. करू म्हटल्यास विचारावे लागते. सबब, प्रासंगिक पाहुणा. नोटीस रद्द होण्यास पात्र."

"अहो, पण ते उठले!" मालक उंबऱ्यावरून ओरडले. "फोटो आहे!"

"उठणं हे काम नाही," बाई म्हणाल्या. "उठून सापडणं हे काम आहे."

मधल्या काळात टिचकीनं स्टूल ओढत नेलं, खिडकीखालच्या फळीवरून आपला पेला घेतला, माठातून पाणी घेऊन प्यायली आणि उरलेलं मामांना दिलं. मामा ते पेल्याकडे न बघता प्यायले. ते फळीकडे बघत होते.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण बाई फॉर्म बॅगेत ठेवायला गेल्या आणि बॅगेची चेन अडकली.

चेन अडकलेली दिसली की चेनवालीला गप्प बसवत नाही. "ओढू नका, दात जातील," असं म्हणून तिनं बॅग मांडीवर घेतली, दोन बोटांत चेनचे दोन काठ चिमटीत धरले आणि मान न उचलता म्हणाली, "अहो, मेणबत्तीचा तुकडा द्या जरा."

"हो," नवरा लगबगीनं म्हणाला. दोन पावलं गेला. थांबला. "कुठे असतो?"

"खणात."

"कुठल्या खणात?"

"दुसऱ्या हो."

"वरून दुसऱ्या, की खालून?"

बाईंनी सावकाश फॉर्म पुन्हा मांडीवर घेतला.

"आपण इथे किती वर्षं राहता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"सहा. करार माझ्याच नावावर आहे."

"साखर कुठे असते?"

नवऱ्यानं चेनवालीकडे बघितलं.

"तिच्याकडे बघू नका. मुलीच्या लसीचं कार्ड?"

"ते... फाइलमध्ये."

"फाइल?"

"बाई, भाडं मी भरतो," नवरा म्हणाला. आवाजात जरा धार होती.

"स्पष्टीकरण दोन," बाई म्हणाल्या. "लॉजमधले पाहुणेही भरतात." आणि लिहू लागल्या.

टिचकीनं या वेळेपर्यंत मेणबत्तीचा तुकडा आईच्या हातात आणून दिला होता. खालून दुसऱ्या खणातून. चेनवालीनं तो दातांवरून दोनदा फिरवला, चेन सरसर मिटली, उघडली, पुन्हा मिटली. अहवालाची प्रत आजही त्यांच्या भिंतीवर आहे. तिच्यात म्हटलं आहे: "सदर दोन खोल्यांत रहिवासी प्रौढ एक (पत्नी). मूल एक (अत्यंत माहीतगार). प्रासंगिक पाहुणे दोन. कराराचा भंग नाही. उलट मंजूर दोन प्रौढांपैकी एक पद रिक्त आहे. करार पत्नीच्या नावे करून द्यावा."

मालकांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. बाई बॅग खांद्याला लावत त्यांच्यापाशी थांबल्या.

"आपण तळमजल्याला राहता ना? आपल्याकडे पेले कुठे असतात?"

"आमच्याकडे?" मालक म्हणाले. "हिला विचारून सांगतो."

बाई नुसत्या तळमजल्याकडे बघत जिना उतरल्या. त्यांच्या मागोमाग मालक दोन-दोन पायऱ्या घेत उतरले, आणि त्या दिवसापासून त्यांनी नोटिशीचा विषय काढलेला नाही. त्यांचा मेहुणा अजून बैठकीच्या खोलीत आहे. दोन दिवसांत जाणार आहे.

राहता राहिलं रिक्त पद. ते भरायचं म्हणून चेनवालीनं दोन्ही पाहुण्यांना एक महिन्याची मुदत दिली. नवऱ्यानं दुकानातून एक पुठ्ठा आणला आणि त्यावर घराचा नकाशा काढला. तो पुठ्ठा कुठे ठेवला, ते त्याला आठवत नाही. मामा मात्र म्हणाले, "मी बघतो." आणि या वेळी बघताना त्यांनी वही काढली. रोज सकाळ-संध्याकाळ ते प्रत्येक खण उघडून बघत आणि लिहीत: साखर, डावीकडे, पाऊण डबा. सुया, पत्र्याच्या डबीत, एकोणीस. लसीचं कार्ड, मिशीनच्या खणात, टिचकीची पुढची लस कधी ते शेजारी. महिनाअखेर परीक्षा झाली. मामा पहिल्या फेरीत उत्तीर्ण झाले. तोंडी परीक्षेत त्यांनी झाडू कुठे आहे तेही सांगितलं, जे परीक्षकालाच माहीत नव्हतं.

अशा रीतीनं मामा चार वर्षांनी त्या घरात राहायला आले. नळ आता गळत नाही. पेन्शनचं काय करायचं तेही त्यांनी बघून ठरवलं, आणि जिन्यात दिवा, तिचाकीला चाक आणि चेनवालीला मिशीनवर टेकायला एक मऊ उशी आली. टिचकीनं पाणी मागितलं, की ते उठतात, फळीवरून पेला घेतात, आणि देण्यापूर्वी, सवयीनं, पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतात.

मंजूर पदं दोनच असल्यामुळे आता नवऱ्याला काही शिकता येत नाही. शिकला, तर तिसरी प्रौढ व्यक्ती होईल आणि करार मोडेल. "माझी फार इच्छा आहे," तो उसासा टाकून सांगतो, "पण कायद्यापुढे इलाज नाही." आणि पाय वर घेऊन बसतो. चेनवाली सध्या नियमावलीचं कलम पंधरा वाचते आहे. पदं वाढवून मिळतात असं त्यात कुठेतरी असणार, याबद्दल तिची खात्री आहे.

आता आपण. ही कथा आपण आरामात बसून, कदाचित पाय लांब करून, शेवटापर्यंत वाचलीत याबद्दल आभार. पाहणी अधिकारी बाईंनी एक छोटा फॉर्म सोबत दिला आहे. आपल्या घरात सुईदोरा कुठे असतो? जास्तीची किल्ली? मेणबत्तीचा तुकडा, खण वरून कितवा? उत्तरं बसल्या जागेवरून द्यायची आहेत. आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारण्याचा विचार नुसता मनात आला, तरी तेच उत्तर धरलं जाईल.

आला ना?

असू दे. बसा, बसा. पाहुण्यांनी उठायचं नसतं.